जुना सिंथ की नवा? आधी सांगा, जुन्यातला कुठला

प्रॉफेट-५ या सिंथेसायझरच्या पॅनेलवर 'ट्यून' नावाचं एक बटण आहे. ते दाबलं की सिंथ थोडा वेळ गप्प बसतो, आतल्या दहाही ऑसिलेटरांचे (सूर काढणाऱ्या सर्किटांचे) सूर स्वतःच तपासतो, जुळवतो आणि पुन्हा वाजायला हजर होतो. १९७८ साली हा सिंथ आला तेव्हा ही फार मोठी सोय होती. २०२० मध्ये त्याचीच चौथी आवृत्ती निघाली. तिच्यावर ट्यूनचं बटण आहेच, शिवाय एक नवा नॉब आहे आणि त्याचं नाव 'व्हिंटेज'. तो ४ वरून १ कडे नेत गेलं की व्हॉइस, म्हणजे एका वेळी वाजू शकणारे स्वतंत्र आवाज, एकमेकांपासून फटकून वागायला लागतात. म्हणजे सूर हलू नयेत म्हणून इंजिनिअरांनी आधी जिवाचं रान केलं, आणि चाळीस वर्षांनी ते हलावेत म्हणून वेगळा नॉब बसवला.

जुना ॲनालॉग सिंथ घ्यावा की त्याचीच नवी आवृत्ती, या प्रश्नातला सगळा घोळ त्या बटणात आणि या नॉबात आहे. लोक हा प्रश्न 'अस्सल की नक्कल' अशा थाटात विचारतात. मला त्यातली पहिली पायरीच चुकलेली वाटते. जुना प्रॉफेट, जुना ओडिसी, जुना एमएस-२० अशी एकेकच चीज कधी नव्हती. एका नावाखाली दोन-दोन, तीन-तीन वेगळी यंत्रं विकली गेली, आणि त्यांच्या आपसातला फरक कित्येकदा जुन्या-नव्यातल्या फरकाला भारी पडतो. तेव्हा आधी हे जुने लोक एकमेकांपासून वेगळे का वाजत, ते पाहू.

सूर हलतो म्हणजे नेमकं काय होतं

ॲनालॉग सिंथमध्ये आवाज व्होल्टेजमधून तयार होतो. ऑसिलेटर एक लाट सतत काढत असतो, करवतीच्या दात्यांसारखी किंवा चौकोनी. ती कच्ची लाट कर्कश असते. फिल्टर तिचे वरचे धारदार अंश छाटतो. एन्व्हलप ठरवतो की पट्टी दाबल्यावर आवाज एकदम उसळेल की सावकाश चढेल. आणि या सगळ्यांना हुकूम सोडणारी गोष्ट एकच, व्होल्टेज. बहुतेक सिंथमध्ये एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जातो. (कॉर्गचा एमएस-२० यातला आडमुठा. त्यात एक सप्तक चढायला व्होल्टेज दुप्पट करावं लागतं. त्याला दुसऱ्या सिंथची वायर जोडून 'हा बेसूर का' म्हणत डोकं धरून बसलेले लोक कमी नाहीत.)

सप्तक चढतं म्हणजे कंपनसंख्या दुप्पट होते. एक व्होल्टला दुप्पट, दोनला चौपट, तीनला आठपट. सरळ चढणाऱ्या व्होल्टेजमधून अशी दुपटीची चढण काढायचं काम ट्रान्झिस्टर करतो, कारण त्याचा स्वभावच तसा आहे. त्याच्या बेसवर साधारण १८ मिलिव्होल्ट वाढले की त्यातून जाणारा प्रवाह दुप्पट होतो. म्हणून पट्टीकडून आलेला एक व्होल्ट आधी १८ मिलिव्होल्टपर्यंत उतरवतात आणि मग ट्रान्झिस्टरला देतात.

गोची अशी की हा १८ चा आकडा तापमानावर ठरतो. एक अंश सेल्सियसचा फरक पडला की तो सुमारे ०.३३ टक्क्यांनी सरकतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण एका सप्तकात १२०० सेंट असतात आणि १०० सेंटांचा एक अर्धस्वर. १२०० चे ०.३३ टक्के म्हणजे ४ सेंट. एका अंशाला, एका सप्तकामागे. ज्या सुरावर सिंथ जुळवला आहे तिथून तीन सप्तकं दूर गेलात तर १२ सेंट, आणि कान तयार असलेल्या माणसाला तेवढं कणसूर टोचतं. आता सिंथचं खोकं बंद आहे, आत पॉवर सप्लाय तापतोय, अर्ध्या तासात पाच अंश चढले. तीच चूक ६० सेंटांवर गेली, अर्धस्वराच्या निम्म्याहून जास्त. दोन ऑसिलेटर असतील आणि दोघे सारखे तापले नाहीत, तर ते एकमेकांशीही भांडणार.

हा हिशेब काहीच काळजी न घेतलेल्या सर्किटचा आहे. प्रत्यक्षात ट्रान्झिस्टरजवळ असा रेझिस्टर बसवतात की तापमान वाढल्यावर त्याचा रोध तेवढ्याच प्रमाणात वाढावा आणि चूक कापली जावी. पण तो रेझिस्टर किती अचूक, ट्रान्झिस्टरला किती चिकटून, दोघांचं तापमान एकाच वेळी चढतं का, यावर कापाकापी किती जमली ते ठरतं. मिनिमूग मॉडेल डी १९७० ते १९८१ पर्यंत बनत होता आणि त्या काळात त्याचं ऑसिलेटर बोर्ड बदललं, ते याचसाठी. सुरुवातीच्या बोर्डाचे सिंथ जास्त भटकतात, नंतरचे जास्त टिकून राहतात. दोन्ही 'जुने मिनिमूग'च. सुरुवातीच्यांना भाव जास्त मिळतो, आणि सूर जास्त हलतो म्हणूनच तो मिळतो असं सांगणारेही भेटतात. मला यात शौकापेक्षा श्रद्धाच जास्त दिसते.

एक नाव, तीन यंत्रं

प्रॉफेट-५ चंच घ्या. सिक्वेन्शियल सर्किट्सच्या डेव्ह स्मिथ यांनी हा सिंथ बनवला. पाच व्हॉइस, आणि त्यावर मायक्रोप्रोसेसर, म्हणजे तयार केलेला आवाज बटण दाबून साठवता आणि परत आणता येतो. पहिल्या आवृत्तीचे दोनशेही निघाले नाहीत. पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीत एसएसएम कंपनीच्या चिप्स होत्या. त्यांचा भरवसा वाटेना, म्हणून १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत कर्टिस कंपनीच्या चिप्स आल्या: ऑसिलेटरला सीईएम ३३४०, फिल्टरला सीईएम ३३२०. ३३४० मध्ये तापमानाची भरपाई चिपच्या आतच केलेली आहे, त्यामुळे ही आवृत्ती सुराला पक्की. पण चिप बदलली की फिल्टरही बदलला. जाणकार सांगतात की आधीचा गोलसर आणि भरीव, नंतरचा नेटका आणि थोडा टोकदार. म्हणजे 'मला जुन्या प्रॉफेटचा आवाज हवा' हे वाक्य अपुरं आहे. कुठला जुना?

२०२० ची चौथी आवृत्ती इथे फार हुशारीने वागते. तिच्यात दोन्ही फिल्टर बसवलेले आहेत. एक कर्टिसचा, आणि दुसरा एसएसआय २१४०, जो डेव्ह रॉसम यांनी केला. मूळ एसएसएम २०४० ही फिल्टरची चिपसुद्धा त्यांचीच करामत, तेव्हा हे काम उपऱ्याने केलेलं नाही. पॅनेलवरचा खटका दाबला की फिल्टर पहिल्या-दुसऱ्या आवृत्तीचा, परत दाबला की तिसऱ्याचा, आणि सोबत एन्व्हलपचं वळणही बदलतं. जुन्या बाजारात हे दोन्ही हवे असतील तर दोन सिंथ घ्यावे लागतील आणि एका चांगल्या तंत्रज्ञाशी घरोबा करावा लागेल.

एआरपी ओडिसीची गोष्ट याहून चटकदार. १९७२ चा पहिला ओडिसी पांढऱ्या पॅनेलचा. त्याचा फिल्टर ४०२३, आवाज हलक्या उताराने छाटणारा, दर सप्तकाला १२ डेसिबल. मग काळ्या-सोनेरी पॅनेलच्या आवृत्तीत ४०३५ आला, दर सप्तकाला २४ डेसिबलने कापणारा, जाडजूड आवाजाचा. पण तो मूग कंपनीच्या पेटंट घेतलेल्या शिडीसारख्या फिल्टरशी फारच मिळताजुळता होता. तेव्हा एआरपीने त्याच्या जागी स्वतःचा ४०७५ आणला, आणि त्यात एक चूक राहून गेली: फिल्टर पूर्ण उघडला तरी तो १२ किलोहर्ट्झच्या आसपास अडायचा, वरची चमक बाहेरच पडायची नाही. काही रेझिस्टर बदलून तंत्रज्ञ ही चूक आजही दुरुस्त करतात. शेवटी काळ्या-नारिंगी पॅनेलची आवृत्ती आली, तिच्यात ४०७५ च. आता मला सांगा, दुरुस्त केलेला ४०७५ हा 'मूळ आवाज' की न दुरुस्त केलेला? कॉर्गने २०१५ मध्ये ओडिसी पुन्हा काढला तेव्हा या वादात पडायचं टाळलं आणि तिन्ही फिल्टर एका खटक्यावर दिले.

एमएस-२० चं तेच. १९७८ ला आलेल्या सुरुवातीच्या सिंथमध्ये फिल्टरसाठी कॉर्ग ३५ नावाचा कॉर्गचाच खास तुकडा होता, नंतरच्यांत बाजारात मिळणारी एलएम १३६०० चिप. रेझोनन्स (फिल्टर जिथे छाटतो तिथला आवाज उठवणारी सोय) चढवला की पहिला किंचाळतो, दुसरा त्या मानाने शिस्तीत असतो. २०१३ च्या एमएस-२० मिनीत कॉर्गने किंचाळणारा निवडला, आणि माझ्या मते बरोबर केलं. रोलंडच्या ज्युपिटर-८ मध्येही असा आतला फरक आहे: सुरुवातीच्या सिंथमध्ये सुरांचं व्होल्टेज १२ बिटांनी ठरायचं, नंतरच्यांत १४ बिटांनी, त्यामुळे नंतरचे सुराला जास्त नेमके.

म्हणून कुणी 'नवा जुन्यासारखा वाजत नाही' म्हणालं की मी आधी विचारतो, शेजारी ठेवलेला जुना कुठल्या आवृत्तीचा होता आणि तो शेवटचा कधी जुळवला होता. निम्म्या वेळा संभाषण तिथेच थांबतं.

मग ती ऊब येते कुठून?

'ॲनालॉगची ऊब' हा शब्द इतका झिजला आहे की त्याच्यावर आता काही छापता येत नाही, तरी प्रश्न खरा आहे. प्रचलित उत्तर असं: सूर थोडा हलतो, दोन ऑसिलेटर एकमेकांवर घासतात, त्यातून जीव येतो. हे अर्धं खरं.

उरलेलं अर्धं रोलंडच्या ज्युनोकडे आहे. ज्युनो-६० (१९८२) आणि ज्युनो-१०६ (१९८४) यांत ऑसिलेटरची लाट ॲनालॉगच बनते, पण ती कधी सुरू करायची हे डिजिटल घड्याळ ठरवतं. सूर हलायचा प्रश्नच नाही. शिवाय एका व्हॉइसला एकच ऑसिलेटर, त्याच्या जोडीला फार तर एक सप्तक खालची चौकोनी लाट. घासायला दुसरा कुणी नाही. आणि ऊब म्हटली की लोक सगळ्यात आधी नाव घेतात ते ज्युनोचं! तिथलं रहस्य कोरसमध्ये आहे. कोरसमध्ये एमएन ३००९ नावाच्या दोन चिप्स आहेत आणि प्रत्येकीत २५६ छोट्या बादल्यांची रांग. आवाजाचा नमुना एका बादलीतून दुसरीत ओतला जातो, तो शेवटच्या बादलीत पोचेपर्यंत थोडा उशीर होतो. हा उशीर सतत कमी-जास्त केला की उशिरा आलेल्या आवाजाचा सूर किंचित वर-खाली झुलतो. डाव्या आणि उजव्या स्पीकरला हे झुलणं उलट-सुलट दिलं की आवाज खोलीभर पसरतो. सोबत थोडी सूं-सूं येते, आणि लोकांचं प्रेम त्या सूं-सूंवरही जडतं.

तेव्हा एखाद्या सिंथचा आवाज आवडला तर तो आवाज त्याच्या कुठल्या भागातून येतो ते आधी शोधावं. कोरसमधून येत असेल तर ऑसिलेटरच्या जुनेपणासाठी जीव टाकण्यात अर्थ नाही. फिल्टरमधून येत असेल तर तोच फिल्टर असलेली नवी आवृत्ती आहे का, हे पाहायचं. आणि खरोखरच सुरांच्या हलण्यातून येत असेल, तर तो 'व्हिंटेज' नॉब फिरवून बघा. मी फिरवला आहे. माझा हात २ च्या आसपास थांबतो. १ वर ठेवून कॉर्ड वाजवला तर मला तो आजारी वाटतो.

आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. ज्या ध्वनिमुद्रणांमुळे हे सिंथ नावाजले, त्यांतले बरेचसे वाजले तेव्हा वर्ष-दोन वर्षांचे होते. त्यांचे कपॅसिटर ताजे होते, नॉब खरखरत नव्हते, आणि स्टुडिओतला माणूस रेकॉर्डिंगआधी सूर जुळवून घेत असे. आज ४५ वर्षांचा झालेला, कधीही न उघडलेला सिंथ त्या आवाजापेक्षा स्वतःच्या म्हातारपणाचा आवाज जास्त काढतो. तोही कुणाला आवडू शकतो. पण आपण कशावर भाळलो आहोत हे तरी माहीत असावं.

म्हातारपण कुठे लपतं

जुन्या सिंथचं बाहेरचं रूप बघून काही कळत नाही. लाकडी कडा चकाचक असू शकतात आणि आतलं बोर्ड कुजलेलं.

कॉर्गचा पॉलीसिक्स (१९८१) याचं नमुनेदार उदाहरण. त्याच्या केएलएम-३६७ या बोर्डावर मेमरी टिकवायला चार्ज होणारी बॅटरी बसवलेली होती. वर्षांनंतर ती गळते. गळलेलं रसायन बोर्डावरचे तांब्याचे बारीक मार्ग खात जातं, आणि एके दिवशी आवाज साठवणं, पट्टी ओळखणं, सगळंच डळमळतं. बॅटरी बदलली म्हणून भागत नाही, खाल्लेले मार्ग वायरींनी पुन्हा जोडावे लागतात. पॉलीसिक्स बघायला गेलात तर पहिला प्रश्न हाच: बॅटरी कधी काढली, आणि बोर्डाचा फोटो आहे का?

ज्युनो-१०६ चं दुखणं निराळं. त्याच्या प्रत्येक व्हॉइसचा फिल्टर आणि आवाजाचं नियंत्रण ८००१७ए नावाच्या एका तुकड्यात आहे. असे सहा तुकडे. त्यांच्यावर संरक्षणासाठी रेझिनचा थर दिलेला, आणि काळ उलटला की तो थरच घात करतो. व्हॉइस बंद पडतो, चरचरतो किंवा पट्टी सोडल्यावरही रेंगाळतो. दुरुस्त करणारे हे तुकडे काढून ॲसिटोनमध्ये भिजत घालतात, थर मऊ पडला की सोलून काढतात आणि तुकडा परत बसवतात. पुष्कळदा तो जिवंत होतो. नाहीतर नव्याने बनवलेले पर्यायी तुकडे मिळतात. गमतीची गोष्ट अशी की तसे सहाही तुकडे बदललेला १०६ मला 'मूळ' पण न तपासलेल्या १०६ पेक्षा कधीही चालेल.

बाकी रडगाणी सगळ्यांची सारखी. पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर सुकतात आणि मागे सतत एक घूं ऐकू येते. नॉब फिरवताना खर्र होतं. पट्टीखालचे कॉन्टॅक्ट मळतात, मग एखादी पट्टी जोरात ठोकल्याशिवाय वाजत नाही. यातलं बरंचसं साफसफाईने सुटतं. चिप गेली तर मात्र ती कुठली यावर सगळं. सीईएम ३३४० पुन्हा बनायला लागली आहे, २०१६ पासून. जुन्या एसएसएम चिप्स शोधायच्या म्हणजे दुसरा मेलेला सिंथ शोधायचा.

'नवा' म्हणजे तरी काय

इथेही एका शब्दात तीन निरनिराळी माणसं राहतात.

पहिला नवा म्हणजे मूळ कंपनीने मूळ सर्किटवरून परत काढलेला. मूगने २०१६ मध्ये मिनिमूग मॉडेल डी परत आणला, वर्षभरात थांबवला, २०२२ मध्ये पुन्हा आणला. यात मूळच्यापेक्षा एक मोलाची भर आहे. जुन्या मिनिमूगमध्ये तीन ऑसिलेटर होते, पण आवाजाला कंप द्यायचा तर तिसऱ्यालाच मंद करून त्या कामाला जुंपावं लागे, आणि वाजायला दोनच उरत. नव्यात कंपासाठी वेगळा एलएफओ, म्हणजे मंद चालणारा ऑसिलेटर, आहे, तिन्ही ऑसिलेटर मोकळे. जुन्यात आवाज आणखी फाडायचा असेल तर लोक हेडफोनच्या भोकातून वायर काढून मागच्या इनपुटमध्ये खोचत. नव्यात तो मार्ग आतूनच जोडलेला आहे. दुरुस्ती म्हणून या गोष्टी कुणालाही पटाव्यात.

दुसरा नवा म्हणजे दुसऱ्याने केलेली प्रतिकृती, बहुधा आकाराने लहान, पट्ट्या नसलेली, दाटीवाटीच्या नॉबांची. सर्किट ॲनालॉगच असतं आणि आवाज अनेकदा लाज वाटावी इतका जवळ जातो, म्हणजे महागडा जुना घेतलेल्याला लाज. फरक हातांना कळतो. फिल्टरचा नॉब मोठा आणि सुटसुटीत असला की माणूस तो सावकाश, अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने फिरवतो. बोटभर अंतरात चार नॉब कोंबले की तसं वाजवणं जमत नाही, मग सिंथ निराळा वाजतो आणि दोष सर्किटला जातो.

तिसऱ्यापासून सावध राहायचं. नाव जुनं, रूप जुनं, आत डिजिटल. रोलंडचा ज्युनो-एक्स असाच, आणि बुटिक मालिकेतला जेयू-०६ ही तसाच. वाईट मुळीच नाहीत, पण ॲनालॉग म्हणून घेऊन आलात तर फसगत तुमचीच. माहितीपत्रकात 'ॲनालॉग' हा शब्द ऑसिलेटर आणि फिल्टर यांच्यापुढे स्वच्छ लिहिलेला आहे का, तेवढं वाचावं. 'ॲनालॉगचा अनुभव' वगैरे लिहिलं असेल तर समजून जा.

नव्यात मिळणाऱ्या सोयींपैकी सगळ्यात मोठी मिडी, म्हणजे सिंथ आणि कॉम्प्युटर यांची एकमेकांशी बोलायची सामाईक भाषा. जानेवारी १९८३ मध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथ, सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६, पहिल्यांदा लोकांसमोर मिडीच्या एका वायरीने एकमेकांशी बोलले. त्याआधीच्या सिंथमध्ये मिडी नाही, बाहेरून बसवावी लागते. ज्युनो-६० मध्ये रोलंडची स्वतःची डीसीबी नावाची जोडणी, १०६ मध्ये सरळ मिडी. (पण ६० मध्ये आर्पेजिएटर, म्हणजे दाबलेल्या पट्ट्या एकामागून एक आपोआप वाजवणारी सोय, आहे, १०६ मध्ये नाही. बघा, पुन्हा तेच.) कॉम्प्युटरवर काम करणाऱ्याला मिडी नसणं रोज छळतं. पट्टी किती जोरात दाबली हे ओळखणं जुन्या प्रॉफेटला येत नाही, नव्याला येतं. उलट बाजूही आहे: एमएस-२० मिनी मूळच्या ८६ टक्के आकाराचा, पट्ट्याही तशाच बारीक. २०१५ च्या ओडिसीचं तेच. दोन हातांनी सरावाने वाजवणाऱ्याची बोटं तिथे अडखळतात.

सोल्डरिंगच्या पद्धतीवरून मात्र भांडू नये. जुन्या बोर्डांवर भागांचे पाय भोकातून आरपार जायचे, नव्या बोर्डांवर बहुतेक भाग इवलेसे, पृष्ठभागावरच चिकटवलेले. यामुळे आवाज बदलतो असं मला कुणी डोळे बांधून ओळखून दाखवलेलं नाही. दुरुस्ती मात्र आरपारवाल्या बोर्डावर घरच्या सोल्डरिंग गनने होते, इवल्या भागांना भिंग आणि स्थिर हात लागतो. तीस वर्षांनी आजचे सिंथ जुने होतील तेव्हा हा मुद्दा निघेल.

मी काय घेईन

रोज वाजवायला, कार्यक्रमाला न्यायला, पहिलाच सिंथ म्हणून: नवा. डोळे मिटून. जुना सिंथ हातात असणं म्हणजे एक वाद्य आणि एक छंद सोबत सांभाळणं, आणि दुसरा छंद पहिल्याचा वेळ खातो.

जुना घ्यावा तो दोन कारणांसाठी. एक, हवा तो सिंथ नव्याने निघालेलाच नाही, किंवा निघाला तो डिजिटल. दोन, यंत्र उघडून बघण्यात तुम्हाला खरोखर आनंद आहे. 'त्यात जादू आहे' हे तिसरं कारण मी धरत नाही. जादू असेल तर ती शेजारी-शेजारी ऐकताना कळेल, अट एवढीच की दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणून मग ऐकायचं. एक थोडा जरी मोठा असला तरी कान त्यालाच 'भरीव' म्हणतो. नॉबांचे आकडे जुळवण्याच्या फंदात पडू नका, जुन्याचा ५ आणि नव्याचा ५ एक नसतो. कानाने जुळवा.

जुना बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा: मी येईपर्यंत सिंथ बंद ठेवा. हे मी ठेच लागून शिकलो. एक सिंथ बघायला गेलो होतो तर तो चालूच होता, सुरेल वाजला, घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना चालू केला, तर पहिली वीस-पंचवीस मिनिटं दोन ऑसिलेटर दोन गावांचे. विकणाऱ्याने सकाळपासून तापवून ठेवला होता.

म्हणून गार असताना चालू करा, सूर ऐका, वीस मिनिटांनी पुन्हा ऐका. थोडं सरकणं क्षम्य. पण नंतरही सरकत राहिला, किंवा खालच्या सप्तकात जुळतो आणि वरच्या सप्तकात नाही असं झालं, तर आतली जुळवणी बिघडली आहे किंवा भाग गेला आहे. मग साधा आवाज लावा: एकच लाट, फिल्टर उघडा, इफेक्ट बंद. कोरस बंद करायला विसरू नका, तो सगळी पापं झाकतो. सहा व्हॉइसचा सिंथ असेल तर एकच पट्टी सहा-सात वेळा दाबा. बहुतेक सिंथ दर खेपेला पुढच्या व्हॉइसला पाळी देतो, त्यामुळे सहातला एक मेलेला असेल तर दर सहाव्या दाबाला गचका बसतो किंवा एक आवाज दबका येतो. घाईत गाणं वाजवून बघणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही. ज्युनो-१०६ मध्ये तर यासाठी सोय आहे: ट्रान्सपोजचं बटण दाबून धरून चालू केला की तो चाचणीच्या अवस्थेत जातो आणि वाजणाऱ्या व्हॉइसचा आकडा डिस्प्लेवर दाखवतो. कुठला तुकडा गेला तो तिथल्या तिथे कळतो.

प्रत्येक नॉब आणि स्लायडर टोकापासून टोकापर्यंत सावकाश न्या. मागचं व्होल्टेजचं लेबल वाचा, कारण जपानी बाजारातले सिंथ १०० व्होल्टचे असतात आणि २३० ला लावले तर धूर निघतो. मेमरी असेल तर एक आवाज मुद्दाम वेडावाकडा बनवा, रिकाम्या जागी साठवा, सिंथ बंद करा. चहा-पाणी होऊ द्या, मग चालू करून बघा, तो तिथे आहे का.